नागरी स्थलांतर, युद्धकालीन

युद्धकालीन नागरी स्थलांतर : हवाई हल्ला, तोफांचा मारा किंवा प्रत्यक्ष आक्रमण यांचा धोका असलेल्या क्षेत्रातून बिनलष्करी लोकांना पूर्वयोजनेनुसार व तात्पुरत्या मुदतीसाठी अधिक सुरक्षित क्षेत्रात हलविण्याची व्यवस्था. नागरी संरक्षणाचे हे एक अंग असून इशारा, प्रकाशबंदी, आश्रयस्थाने व अग्निशमन या अन्य अंगांशी त्याचा निकटचा संबंध असतो [⟶ नागरी संरक्षण]. भयाने घडणारे पलायन आणि नियोजित स्थलांतर यांत मूलभूत फरक आहे. पलायनात मनुष्याला आपण कोठून निघालो हे ठाऊक असते, कोठे पोहोचणार हे ठाऊक नसते. स्थलांतराच्या योजनेत पोहोचण्याचे ठिकाण आधी ठरते आणि निघण्याची वेळ त्यावरून ठरविली जाते. तथापि बहुसंख्य योजना निघण्याच्या वेळापत्रकावरच सारा भर देतात व उतरणाऱ्यांच्या सोयीचा विचार शेवटच्या परिच्छेदात उरकतात. विसाव्या शतकात अशा योजना फसल्या त्या मुख्यतः या कारणाने.

शत्रू येण्यापूर्वी वस्ती रिकामी करण्याची प्रथा जुनी आहे. मराठी मुलखात डोंगरी किल्ले हेच आश्रयस्थान असे. १७६३ मध्ये निजाम अलीची फौज पुण्यावर चालून आली, तेव्हा पेशव्यांचे कुटुंब व दप्तर सिंहगडाकडे हलविण्यात आले आणि शहरातील बहुतेक रहिवाशांनी चीजवस्तूंसह गाव सोडले होते. शहराची लूट व जाळपोळ झाली. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन (जि. बीड) येथे निजामाचा पराभव झाला. येथे हलविण्याचा निर्णय ज्याचा त्याने घेतला होता. ज्याच्यापाशी बैल, गाडी व गडावर ओळख होती तो वाचला. आधुनिक योजनेत हा निर्णय शासन घेते आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्याची जबाबदारीही शासनावर येते.

विमानामुळे आघाडी व पिछाडी हा भेद पुसट झाला आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान मोठ्या शहरांसाठी स्थलांतराच्या योजना आखल्या जाऊ लागल्या. ग्रेट ब्रिटनमध्ये १९३८ साली सर जॉन अँडरसन यांच्या समितीच्या शिफारशींवरून देशाचे तीन प्रकारचे विभाग पाडण्यात आले : रिकामी करावयाची क्षेत्रे, तटस्थ क्षेत्रे आणि आश्रयक्षेत्रे. शाळकरी मुले, लहान मुलांच्या माता, गर्भवती स्त्रिया आणि अपंग यांना अग्रक्रम देण्यात आला. १ सप्टेंबर १९३९ पासून सु. तीन दिवसांत जवळजवळ पंधरा लाख लोक आगगाड्यांनी व बसगाड्यांनी हलविण्यात आले. वाहतुकीच्या दृष्टीने हे कार्य अपूर्व यशस्वी झाले. परंतु अपेक्षित बाँबहल्ले लगेच झाले नाहीत, परक्या घरांत मुलांना करमेना, यजमान व पाहुणे यांच्या राहणीतील अंतर उभयपक्षी जाचू लागले आणि जानेवारी १९४० पर्यंत निम्म्याहून अधिक लोक स्वगृही परतले. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला, तेव्हा पुष्कळ मुले पुन्हा शहरातच होती. फ्रान्सने स्ट्रॅसबर्गच्या रहिवाशांना १९३९ मध्येच नैर्ऋत्येकडील पेरिग्यू व त्याच्या परिसरात नेले होते. ते काम बहुतांशी शिस्तीत पार पडले. उलट जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसकडे सरकू लागताच साठ ते ऐंशी लाख लोक कोणत्याही योजनेविना दक्षिणेकडे निघाले आणि त्यांच्या गर्दीत फ्रेंच सैन्याच्या हालचालीही अडकून पडल्या.

ब्रह्मदेशाचा अनुभव : भारतीय वाचकाला या विषयाचे गांभीर्य समजून घेण्यासाठी ब्रह्मदेशाचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. १९३१ च्या जनगणनेनुसार त्या देशात दहा लाखांवर भारतीय होते आणि रंगून शहरात निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती. गोदीतील हमाल, सफाई कामगार, गाडीवान, कारकून अशी शहर चालविणारी बहुतेक माणसे भारतीय होती. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर पहिला मोठा हल्ला केला. पुरेशी आश्रयस्थाने नव्हती. कामगारांच्या कुटुंबांचे काय करावयाचे, याचाही विचार झालेला नव्हता. परिणामी कामगारांनी शहर सोडले आणि बंदर व शहराची स्वच्छता ही दोन्ही कामे ठप्प झाली. बोटी किनाऱ्याला लागत, परंतु माल उतरवून घ्यायला माणूस नसे. शहराला अत्यावश्यक असलेल्या माणसाला राहावयास सांगायचे असेल, तर त्याच्या बायकामुलांना प्रथम हलविले पाहिजे, हा पाठ रंगूनने फार मोठी किंमत देऊन दिला.

रंगून ८ मार्च १९४२ रोजी पडले. तत्पूर्वी आणि त्यानंतर काही लाख भारतीय पायी निघाले. काही तौंगूपच्या खिंडीतून अराकान किनाऱ्याकडे व तेथून चितगाँगकडे गेले, काही तामूवरून मणिपूरकडे आणि सर्वांत शेवटी निघालेले हुकाँग खोऱ्यातून आसामकडे आले. पटकी, हिवताप, उपासमार आणि पावसाळ्यातील चिखल यांनी हजारो माणसे वाटेत मेली. वाटांच्या व वाहनांच्या वाटपात युरोपीय आणि भारतीय असा भेद केला जातो, असा आक्षेप त्या वेळी भारतात जाहीरपणे घेण्यात आला आणि त्यात तथ्य होते. त्यातल्या त्यात जेथे स्वीकाराची व्यवस्था उभी राहिली, तेथे माणसे वाचली. आसामच्या बाजूने चहामळ्यांच्या संघटनेने मळ्यांतील मजूर लावून वाटा केल्या, टप्प्याटप्प्यावर छावण्या उभारल्या आणि गरम चहा व भात यांची सोय केली. या मजुरांचा उल्लेख इतिहासग्रंथांत क्वचितच होतो.

एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, विशाखापट्टनम् व काकीनाडा येथे बाँब पडल्यावर मद्रासच्या सरकारने अत्यावश्यक नसलेल्या लोकांना शहर सोडण्यास सांगितले आणि आपली खातीही आतल्या गावांत हलविली. काही लाख लोक निघून गेले. आक्रमण झाले नाही आणि लोक हळूहळू परत आले. तथापि शासनच निघून गेल्याचे दृश्य लोकांच्या मनातून लवकर गेले नाही.

मुंबई : जपान युद्धात उतरल्यापासून १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत मुंबईतून कुटुंबे गावी पाठविण्याची लाट आली. कोकणात जाणाऱ्या आगबोटी, देशावर जाणाऱ्या गाड्या आणि गुजरातकडील गाड्या भरून जाऊ लागल्या. गिरणगावातील कित्येक कामगारांची कुटुंबे मुळातच रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यांतील गावी असत. कमावता पुरुष खोलीत किंवा खानावळीच्या आधाराने शहरात राही. कामगार शहरात व कुटुंब आश्रयक्षेत्रात ही विभागणी ब्रिटनला भत्ते व अधिकारी नेमून करावी लागली; मुंबईत ती दारिद्र्याने व जागेच्या टंचाईने आधीच केलेली होती. ‘गावी जाणे’ हीच या शहराची अलिखित स्थलांतर योजना होती, असे म्हणण्यास हरकत नाही. तिचे सामर्थ्य मोठे असले, तरी तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या शहरातच गेल्या, ज्यांना गाव होते पण गावात घर व जमीन नव्हती, किंवा ज्यांना गावच्या पाणवठ्यावर समानतेने पाणी मिळत नव्हते, त्यांच्या दृष्टीने गाव हे आश्रयस्थान नव्हते. कोणत्याही शासकीय योजनेने सर्वप्रथम याच लोकांची मोजदाद करावयास हवी.

मुंबईवर जपानी हल्ला झाला नाही. परंतु १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाने पेट घेऊन सु. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजावर सु. १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. मृतांचे आकडे सातशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. सु. ८०,००० लोक बेघर झाले. जपानी विमाने आली अशी वार्ता पसरून लोक उत्तरेकडे धावू लागले. शहराची हवाई हल्ला संरक्षण संघटना व तिचे स्वयंसेवक मदतीस आले, हे त्या पूर्वतयारीचे फलित होय. मात्र ती तयारी आकाशातून येणाऱ्या व इशारा देणाऱ्या संकटासाठी होती. इशाऱ्याविना एकाच ठिकाणी कोसळणाऱ्या संकटात लोकांनी कोणत्या रस्त्याने बाहेर पडावे, हे कोणी सांगितलेले नव्हते.

मराठवाडा, १९४७–४८ : हैदराबाद संस्थानातील मराठी जिल्ह्यांनी या काळात योजनेविना घडलेली दोन पलायने पाहिली. संस्थानाच्या विलीनीकरणाचा प्रश्न लांबत गेला, तसा रझाकारांचा उपद्रव वाढला आणि बीड, उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) इ. जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून मुंबई प्रांताच्या अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) व सोलापूर जिल्ह्यांत गेली. बैलगाडीने एका रात्रीत सरहद्द गाठता येई अशा गावांना हे शक्य होते. आतल्या गावांना नव्हते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत भारतीय सैन्याची कारवाई झाली आणि त्यानंतर मुस्लिम वस्तीवर सूडाचे हल्ले होऊन उलट दिशेचे पलायन घडले. त्याची पाहणी करण्यासाठी केंद्र शासनाने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठविले. त्याने मृतांचा किमान अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला व उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नमूद केले. लष्करी मोहिमेची आखणी काटेकोर होती. मोहीम संपल्यानंतरच्या आठवड्यांत नागरिकांच्या रक्षणाची आखणी मात्र तशी नव्हती.

कायदा व संघटना : १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारातील सतराव्या अनुच्छेदानुसार वेढलेल्या क्षेत्रातून जखमी, आजारी, वृद्ध, मुले व बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी युद्धमान पक्षांनी स्थानिक करार करावयाचे असतात. एकोणपन्नासावा अनुच्छेद व्याप्त प्रदेशातील लोकांना सक्तीने हलविण्यास मनाई करतो. त्यांच्या सुरक्षिततेसाठी किंवा अपरिहार्य लष्करी कारणासाठी तात्पुरते हलविण्यास मुभा देतो. मात्र कुटुंबे शक्यतो तोडू नयेत आणि त्या क्षेत्रातील लढाई थांबताच लोकांना घरी परत आणावे, असे बंधन घालतो. भारतात या करारांसाठी १९६० चा अधिनियम आहे. देशांतर्गत व्यवस्थेचा आधार म्हणजे १९६८ चा नागरी संरक्षण अधिनियम. त्याच्या अंमलबजावणीत जिल्हाधिकाऱ्याचे स्थान मध्यवर्ती असते. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये स्थापन झालेले गृहरक्षक दल आणि नागपूर येथे १९५७ मध्ये सुरू झालेली आपत्कालीन मदत प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था यांमुळे महाराष्ट्राचा या कार्याशी जुना संबंध आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धांत मुंबईने प्रकाशबंदी अनुभवली, परंतु मोठ्या प्रमाणावर शहर रिकामे करण्याची वेळ आली नाही. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव योजण्यात आला; त्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने दिलेल्या सूचनांत स्थलांतराची योजना अद्ययावत करणे व तिची रंगीत तालीम घेणे यांचा समावेश होता. त्याच सुमारास जम्मूच्या पूंछ भागात तोफांच्या माऱ्यामुळे लोकांना प्रत्यक्षात घरे सोडावी लागली.

योजनेची अंगे : प्रथम कोणाला हलवावयाचे व कोणी थांबावयाचे याच्या याद्या तयार कराव्या लागतात. मुले, गर्भवती, रुग्ण व वृद्ध प्रथम. पाणीपुरवठा, वीज, रुग्णालय, दूरध्वनी व वाहतूक यांतील कामगार शेवटी. पाठोपाठ एकत्र येण्याची ठिकाणे, वाहने, एकदिशा मार्ग, नोंदीची चिठ्ठी व सामानाची मर्यादा ठरविली जाते. येथे साध्या अंकगणिताचा उपयोग होतो. पाच हजार लोकांची वस्ती पन्नास आसनांच्या एस्. टी. गाड्यांनी हलवावयाची, तर शंभर फेऱ्या लागतात. गाड्या वीस असल्या व एका फेरीस जाऊन-येऊन तीन तास लागले, तर पाच फेऱ्यांना पंधरा तास लागतील. इशारा सहा तासांचा मिळणार असेल, तर ही योजना कागदावरच मोडली. मग गाड्या वाढविणे, अंतर कमी करणे किंवा अर्ध्या लोकांना आधीच हलविणे एवढेच पर्याय उरतात. खिल्लारे घेऊन जाण्यास परवानगी नसली, तर शेतकरी निघत नाही. म्हणून जनावरांच्या चाऱ्याचा विचार हा चैनीचा भाग नव्हे. घराला कुलूप लावून निघालेल्या माणसाला मागे पहारा आहे हे दिसले पाहिजे. अन्यथा कुटुंबातील एक तरुण चोरून मागे राहतोच.

आश्रयक्षेत्र म्हणून मराठवाडा : महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर, ठाणे, पुणे, नाशिक ही ठिकाणे धोक्याच्या दृष्टीने प्रथम विचारात घेतली जातात. बीडसारखा अंतर्गत जिल्हा मुख्यत्वे लोकांना सामावून घेणारा म्हणूनच गणला पाहिजे. तेथील असंख्य कुटुंबांतील माणसे पुणे व मुंबई परिसरात कामाला आहेत आणि संकटाच्या वेळी ती आदेशाची वाट न पाहता गावाकडे येतील, हे गृहीत धरणे शहाणपणाचे. धारूर तालुक्यातील तेलगाव हे गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. बीडहून परळीकडे जाणारा आणि धारूरहून माजलगावकडे जाणारा असे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. पुण्याकडून रस्त्याने येणारा पश्चिमेकडून व परळी वैजनाथ स्थानकावर आगगाडीने उतरणारा पूर्वेकडून याच चौकात पोहोचेल. म्हणून नोंदणीचे ठाणे प्रत्येक गावात मांडण्यापेक्षा येथे मांडणे सोयीचे. पण त्याच कारणाने हा चौक तुंबला, तर चारही दिशा तुंबतील. दक्षिणेकडे धारूरचा घाट अरुंद आहे. त्यातून दोन्ही बाजूंची अवजड वाहतूक एकाच वेळी सोडता येणार नाही. परळीचे औष्णिक वीज केंद्र आणि सिंदफणेवरील माजलगाव धरण ही दोन महत्त्वाची स्थाने या चौकापासून फार दूर नाहीत, म्हणजे हे आश्रयक्षेत्रही सर्वस्वी निर्धोक नव्हे. धरणाखालील गावांना उंचवट्याची जागा आधी दाखवून ठेवणे अगत्याचे असते. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुणेकरांना पुरेशी पूर्वसूचना मिळाली नव्हती. ती घटना युद्धाची नसली, तरी तिचा बोध येथे लागू पडतो.

या भागाच्या योजनेत दोन गोष्टी निर्णायक ठरतात : हंगाम आणि पाणी. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मागे वृद्ध व शाळकरी मुले उरतात. मतदारयादीवरून किंवा शिधापत्रिकांवरून केलेली गणना या काळात फसवी असते. घरे रिकामी दिसतात, म्हणून तेथे अधिक पाहुणे मावतील असा हिशेब करणारा अधिकारी हे विसरतो की, स्वयंपाक करणारे व पाणी भरणारे हातही गावात नाहीत. याच हंगामात तेलगावच्या साखर कारखान्याकडे उसाने भरलेल्या बैलगाड्या व जोड ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर यांची रस्त्यावर रांग असते. ही वाहने रिकामी करून घेतली, तर परिसरातील वाहतुकीचे सर्वांत मोठे साधन हाताशी येते. न घेतली, तर सर्वांत मोठा अडथळा तेच होतात. मे महिन्यात परिस्थिती उलटी असते : माणसे गावी असतात, रस्ता मोकळा असतो, पण विहिरी आटलेल्या असतात आणि टंचाईच्या वर्षी टँकरवर गाव जगते. माणशी रोज वीस लिटर एवढे अल्प प्रमाण धरले, तरी पाच हजार पाहुण्यांना एक लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज दहा खेपा अधिक लागतात. शाळेच्या वर्गखोल्या, मंगल कार्यालये व मंदिरांचे सभामंडप मोजून गावाची सामावून घेण्याची शक्ती ठरविण्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे. मराठवाड्यात ती पाण्यावरून ठरवावी लागते आणि वर्षातून निदान दोनदा, सुगीनंतर व पावसाळ्यापूर्वी, नव्याने काढावी लागते.

परदेशातून स्वदेशी आणणे हा स्थलांतराचाच एक विस्तार होय. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावल्यानंतर तेथील दीड लाखाहून अधिक भारतीय अडकले. त्यांना बसगाड्यांनी जॉर्डनमध्ये आणून अम्मानहून विमानांनी मुंबईस उतरविण्यात आले. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे केली. विमानतळावर उतरलेल्या अनेकांची बचत व सामान कुवेतमध्येच राहिले होते आणि त्यांना पुढे आपापल्या गावी पोहोचविण्याची व्यवस्था करावी लागली. २०१५ मध्ये येमेनमधून व २०२२ मध्ये युक्रेनमधून भारतीयांना आणताना हा अनुभव उपयोगी पडला. युक्रेनहून परतलेल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी बहुसंख्य होते आणि त्यांच्यापुढे अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला.

परतीची आखणी हा योजनेचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. परतण्याचा आदेश देण्यापूर्वी न फुटलेले बाँब व तोफगोळे काढणे, पाण्याची तपासणी, पडक्या भिंती उतरविणे आणि विजेच्या तारांची दुरुस्ती ही कामे पूर्ण व्हावी लागतात. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी नुकसानीचे पंचनामे स्थलांतराच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. म्हणून निघताना दिलेली चिठ्ठी जपून ठेवण्यास लोकांना सांगितले जाते आणि तिची दुसरी प्रत तहसील कचेरीत राहते. आश्रय देणाऱ्या गावाने उसने दिलेले धान्य, सरपण व भांडी यांचा हिशेबही याच वेळी पुरा करावयाचा असतो.